कंचुकीची काठी

स्नेहलचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, तिचा धाकटा भाऊ सार्थक ताथवड्याच्या कॉलेजात एका जुन्या संस्कृत नाटकाच्या तालमी करत होता. राजाचं काम मागितलं होतं. मिळालं कंचुकीचं, राजवाड्यातल्या म्हाताऱ्या सेवकाचं.

तालमीचा पाचवा दिवस. काठी आणायला तो विसरला. घरी फोन करून म्हणाला, कुणाबरोबर तरी पाठवा. दीड तासानं आजोबाच दारात उभे. कोंडाजी कुरुळीहून दोन बस करून आले होते. हातात त्यांचीच काठी, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.

नाटक बसवणाऱ्या विजयश्री मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. सार्थकनं काठी घेतली तेव्हा मूठ घामानं ओली होती.

तो सरळच चालत आला. मॅडमनी थांबवलं. परवा केलं ते कुठं गेलं? ते पाय ओढणं, मधेच थांबून खाकरणं? तेवढ्यावर तर हे काम त्याला दिलं होतं. राजा झालेला निरंजन स्टुलावर बसून होता. तो म्हणाला, "भावा, बाहीनं नाक पुसायचं विसरू नको. आज आजोबापण हसतील."

सार्थकनं आजोबांकडे बघितलं नाही. कंबर वाकवली. डावा पाय ओढत निघाला. तिसऱ्या पावलाला थांबून खाकरला, बाहीनं नाक पुसलं आणि महाराजांचा विजय असो म्हणाला. सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, हेच पाहिजे.

कोंडाजींचा हात नाकापर्यंत गेला होता. तो त्यांनी खाली घेतला. मग खुर्ची धरून उठले.

"बाई, येक सांगू का?"

मॅडम म्हणाल्या, सांगा की आजोबा.

"डावा पाय खराब आसंल तर काठी उजव्या हातात धरत्यात. ह्यानं डाव्यात धरलीया. आशानं पडंल त्यो."

आता कुणी हसलं नाही. मॅडमनी त्यांच्या पायाकडे बघितलं, मग सार्थककडे. निरंजन स्टुलावरून उतरला.

सार्थकनं काठी पुढं केली.

"ऱ्हाऊ दे," कोंडाजी म्हणाले. "सराव हाय तवर वापर. घरी दुसरी हाय."

घरी दुसरी नव्हती. सार्थकला ते ठाऊक होतं. तरी त्यानं काठी मागं घेतली.

मॅडमनी हळू आवाजात प्रवेश पुन्हा घ्यायला सांगितला. सार्थकनं काठी उजव्या हातात धरली. खिडकीतून कॉलेजचं कंपाउंड दिसत होतं. आजोबा भिंतीला हात लावत बसस्टॉपकडे चालले होते. भिंत त्यांच्या डाव्या हाताला होती.

प्रयोग जानेवारीत झाला. कोंडाजी मुऱ्हे त्याआधी, १९ डिसेंबर २०२३ ला, मंगळवारी पहाटे कुरुळीत वारले.