अर्थिंगचं पाणी

नव्या स्पीकरमध्ये गाण्यामागं सतत घरघर यायची. वायरी बदलल्या, प्लग बदलले, काही उपयोग नाही. शेवटी वायरमन ताहेरभाई म्हणाले, "उन्हानं जमीन सुकली, अर्थिंग पकडून नाही राहिली. अर्थिंगच्या खड्ड्यात रोज दोन बादल्या पाणी टाकत जा."

मे महिना, त्यात आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी. तरी टाकीतलं पाणी उपसून मी खड्ड्यात ओतत राहिलो. तिसऱ्या दिवशी घरघर थांबली. गाणं इतकं स्वच्छ वाजलं, की आईला ऐकायला बोलवावं म्हणून आतल्या खोलीत गेलो.

ती डोक्यावर ओला पंचा घेऊन भिंतीला टेकली होती. कूलर बंद.

"काहून बंद केला, आई?"

"त्याच्यात टाकाले आज पाणी कुठी हाय? टाकीतलं तं तू खड्ड्यात टाकून राहिला. राहू दे, तुह्यं गाणं मस्त वाजून राहिलं."

मी पिण्याच्या पाण्याची घागर कूलरमध्ये रिकामी केली आणि बटण दाबलं. बाहेरच्या खोलीत गाण्यामागं तीच घरघर सुरू झाली.



ती ऐकून आईचा हात परत बटणाकडं गेला.