तिसरा फोन

नवऱ्याचा स्कॅनर माझ्या फोनला दिसायचा, पण जोडला जायचा नाही. राउटर, कॉम्प्युटर बंदचालू केले, ॲप काढून पुन्हा टाकलं. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. बरीच खटपट करून तो म्हणाला, "ताई, हा एका वेळी एकाच फोनशी बोलतो. दुसऱ्या फोनने धरून ठेवलाय. घरात आणखी कुणाचा फोन आहे का?" "नाही," सासूबाई घाईने म्हणाल्या. "दोनच आहेत, माझा साधा बटणांचा आणि हिचा." नवरा वारल्यावर त्याचा फोन सापडला नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं. मी त्यांच्या खोलीत गेले. कपाटाच्या फटीतून चार्जरची वायर आत गेली होती. चादरींखाली त्याचा फोन होता, फुल चार्ज. सासूबाई मागे उभ्या होत्या. मी चादर नीट केली, वायर चेपणार नाही इतपतच दार लोटलं आणि बाहेर हाक दिली, "दादा, स्कॅनर कॉम्प्युटरला केबलनेच जोडा."