फाईल कोणी उघडली

“केसाने गळा कापला गं मेलीने माझा!” ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती.

इस्पितळाच्या नोंदणी विभागात तिचं काम ठरलेलं. संगणकातल्या नोंदी चाळायच्या, अठरा ते तिशीतले मधुमेही शोधायचे आणि तपासणीला दांडी मारणाऱ्यांना फोन करून पिडायचं. त्या यादीत ती स्वतःही होती. सोळाव्या वर्षी आईने काढून दिलेल्या कार्डावरच तिची फाईल अजून चालायची. तारीख जवळ आली की आईच्या फोनवर निरोप यायचा आणि आई हाक मारायची, “चला साखरबाई, रक्त द्यायला!”

ठरलेलं लग्न परवा मोडलं. मुलाच्या घरी बिननावाचं पाकीट गेलं होतं, आत तिचा अहवाल. येत्या रविवारी ती स्वतःच त्याला सगळं सांगणार होती. आईशी तसं बोलणंही झालं होतं.

संशय घ्यायला शेजारचं टेबल होतंच. तिथल्या बडबडीच्या तोंडात तीळ भिजत नसे. हिने थेट साहेबांकडे तक्रार केली आणि बडबडीला त्याच दिवशी घरी बसवलं. सहा वर्षं दोघींनी एकत्र डबा खाल्ला होता. जाताना ती एवढंच म्हणाली, “अगं, तुझी फाईल मी कधी उघडलीसुद्धा नाही. विचार की त्या यंत्राला!”

“चोराच्या उलट्या बोंबा,” आई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. “जाऊ दे, राणी. बरंच झालं एका अर्थी. मी आहे ना तुला? राहा इथेच माझ्याजवळ.”

दुसऱ्या दिवशी संगणकवाल्याने तिच्या टेबलावर एक कागद ठेवला. कुठलीही फाईल कोणी, कधी, कुठून उघडली, ते यंत्र इमानेइतबारे लिहून ठेवतं.

“इथल्या कोणीच हात लावलेला नाही, ताई,” तो म्हणाला. “अहवाल बाहेरून उतरवून घेतलाय, तुमच्याच कार्डावर. कार्डाला जोडलेल्या फोनवर ओटीपी गेला, तो टाकून. हा नंबर तुमचाच ना?”

तिने कागद पुढे ओढला. पहिले तीन आकडे वाचले आणि पुढचे वाचावेच लागले नाहीत. शाळेच्या पहिल्या दिवशी आईने ते तिच्याकडून घोकून घेतले होते. हरवलीस, घाबरलीस, तर याच नंबरवर फोन कर.