ओरेस्टचा रुमाल

“उजव्या डोळ्याची नळी तुंबलीय,” डॉक्टर पेलटिए म्हणाल्या. “नाकात उतरायचं पाणी गालावर येतंय. नाकातून दुर्बीण घालून नवी वाट करून देऊ. चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नाही.”

“आणि डावा?” ओरेस्टने विचारलं.

“डावा ठणठणीत आहे. त्याला हात लावणार नाही.”

ओरेस्टचा जीव भांड्यात पडला.

“म्हणजे याचा रुमाल सुटेल ना?” त्याच्या बायकोला, व्हर्नाला, तेवढंच हवं होतं. “अहो, दर शनिवारी हा लिलावाला जातो आणि तिथे डोळे पुसत बसतो. लिलाववाल्यांना वाटतं, याने बोली लावली. मग नको ती वस्तू याच्या गळ्यात. न्हाव्याची खुर्ची, चर्चची बाकं. आमचं गाढवसुद्धा असंच आलं.”

“डोळ्याला काय कळतंय,” ओरेस्ट गरीब चेहरा करून म्हणाला.

अंगणातल्या शेडमध्ये गोधड्या शिवायचं मोठं टेबल मांडायचं, हे व्हर्नाचं लग्नापासूनचं स्वप्न होतं. पण त्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

ऑपरेशन छान झालं. नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ओरेस्टच्या पहिल्याच शिंकेला गाढव बुजलं आणि व्हर्ना पोट धरून हसली. हळूहळू डोळा कोरडा झाला. शेड रिकामी झाली, टेबल आलं. रुमाल तिने इस्त्री करून कपाटात टाकला.

मग एका शनिवारी ती स्वतःच लिलावाला निघाली, आयुष्यात पहिल्यांदा, नवऱ्याचा डोळा मिरवायला.

पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खाऊन दोघं पुढच्या बाकावर बसले. समोर बर्फावरून घसरत जाणारी नक्षीची जुनी घोडागाडी आणून ठेवली होती. ओरेस्ट तिच्याकडे बघत होता, पण हात मांडीवर होते. व्हर्नाला त्याचं फार कौतुक वाटलं.

लिलाव पुकारणारा क्लेटन सुरुवात करण्याआधी भेटायला आला. “काय रे, होतास कुठे इतके दिवस?”

“ऑपरेशन केलं याच्या उजव्या डोळ्याचं,” व्हर्ना ऐटीत म्हणाली. “आता चुकून बोली लागायची नाही, भाऊ.”

“चुकून कशी लागेल, वहिनी?” क्लेटन हसला. “आमचं पहिल्यापासून ठरलंय. उजवा पुसला तर पाणी, डावा पुसला तर बोली.”