वाढदिवसाचा तोफगोळा

शेडमधलं ड्रिल सुरू झालं तसा लेनोराने हातातला ग्लास टेबलावर ठेवून दिला. थंड चहा काठावरून सांडायला लागला होता.

"बस गं खाली," शेजारची वर्लीन म्हणाली. "तू उभी राहिलीस म्हणून तो गोळा काही शहाण्यासारखा वागणार नाही."

लेनोरा बसली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या अंगणातली पत्र्याची शेड दिसत होती. शेडमध्ये तिचा नवरा रॉइस पर्डी अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या एका तोफगोळ्याला भोक पाडत होता. न फुटलेल्या गोळ्याच्या पोटात बंदुकीची दारू असते. ती पाण्याने धुऊन काढली की गोळा निर्धोक होतो आणि काचेच्या कपाटात मिरवायला मोकळा. मात्र भोक पाडताना पाण्याची धार सोडली नाही आणि ठिणगी पडली, तर कपाटाची गरजच उरत नाही.

व्हर्जिनियाच्या त्या भागात हे वेड घरोघरी. जुन्या रणांगणांवरच्या शेतांतून अजूनही लोखंड निघतं. पोलिसांना कळवलं तर ते गोळा नेऊन उडवून टाकतात, मग संग्रहात ठेवायचं काय? म्हणून सगळे शूरवीर आपापल्या शेडमध्ये पाण्याची धार आणि नशीब यांच्या भरवशावर ड्रिल चालवत बसतात. गेल्या वर्षी पलीकडच्या गावात एका संग्राहकाच्या शेडचं दार दोन शेतं ओलांडून सापडलं होतं. तो स्वतः फारसा सापडला नव्हता.

हमरस्त्यावरच्या बंद पडलेल्या पेट्रोल पंपात रॉइसने संग्रहालय थाटलं होतं. गंजलेले पंप, सोड्याच्या पाट्या, शाळेच्या डब्यांची रांग आणि मधोमध गोळ्यांचं कपाट. एक भिंत लेनोराची होती. तिथे मीठ-मिरीच्या भांड्यांच्या जोड्या मांडल्या होत्या: कोंबडा-कोंबडी, नवरा-नवरी, काउबॉय आणि त्याचा घोडा. बऱ्याच जोड्यांतलं एकच भांडं उरलं होतं. कुणी विचारलं की ती म्हणायची, "माझ्याच हातून पडतात."

"खरं सांगू?" वर्लीन म्हणाली. "चूक तुझी आहे. बायका नवऱ्याला वाढदिवसाला शर्ट देतात, फार तर मासे धरायचा गळ देतात. तू तोफगोळा दिलास!"

"त्याला तेच आवडतं."

"आणि आता रुमाल पिळत बसली आहेस."

ऑगस्टचा उकाडा होता, तरी लेनोराच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. तिने मानेवरचा घाम टिपला आणि नजर पुन्हा शेडवर लावली.

ड्रिलचा आवाज एकदम बारीक झाला, किंचाळल्यासारखा. लोखंड संपून आत काहीतरी मऊ लागलं की असा आवाज येतो, हे दोघींनाही ठाऊक होतं. वर्लीनने लेनोराचा हात घट्ट धरला.

मग ड्रिल थांबलं.

अंगणात कुठे पानही हललं नाही. वर्लीन डोळे मिटून प्रार्थना पुटपुटायला लागली. लेनोराचेही ओठ हलत होते.

शेडचं दार करकरलं. रॉइस बाहेर आला, कोपरापर्यंत चिखलाने माखलेला, पण धडधाकट.

"आला बाई, आला!" वर्लीनने लेनोराला मिठी मारली. "आता मोकळेपणाने रड."

लेनोरा रडली. इतकी रडली, की वर्लीनचा खांदा भिजला. आपला नवरा असा परत आला तर आपण एवढं रडू का, असा प्रश्न वर्लीनला पडला आणि तिला स्वतःची थोडी लाज वाटली.

रॉइसने पायरीवर बूट घासले. "आत नुसता गाळ," तो म्हणाला. "नदीतून काढलेला गोळा आहे हा. दारू कधीच वाहून गेलेली. असल्याला पाण्याची धारसुद्धा लावावी लागत नाही, आणि मी मूर्खासारखा भिजत बसलो. लेनोरा, तुला विकणाऱ्याने पार गंडवलं."

"मला... मला कळलं नाही, रॉइस."

"तुला काय कळतं?" तो हसला. "वर्लीन, तू ये आता. आम्हाला जरा बोलायचंय."

"तिला रागावू नकोस हं," वर्लीन आपलं पीचच्या गोड पाईचं भांडं उचलत म्हणाली. "तुझ्यासाठी जीव टांगणीला लागला होता तिचा."

"रागावतो कशाला? लाडकी बायको आहे माझी." त्याने लेनोराच्या खांद्यावर हात ठेवला.

वर्लीन कुंपण ओलांडून घरी गेली. तिच्या पाठीमागे रॉइसने दार लावलं, मग खिडक्याही लावल्या.

शनिवारी गावाबाहेर जुन्या वस्तूंचा बाजार भरला. लेनोरा एकटीच आली. मंडपाच्या सावलीतही तिने काळा चष्मा काढला नाही. गोळे विकणाऱ्या म्हाताऱ्याने तिला लगेच ओळखलं.

"काय मॅडम, आवडला का साहेबांना?"

"नदीतला निघाला तो."

"मग बरंच झालं की! त्यात जिवाला घोर नाही. तसाच आणखी एक देऊ?"

"नको," लेनोरा म्हणाली. "या वेळी कोरड्या जमिनीतला द्या, आतली दारू शाबूत असलेला. घरी मी तो नदीतला म्हणूनच सांगेन."