उड्डाण सुरळीत

कचेरीच्या बाकड्यावर बसलेला माणूस दिसला आणि ढगोबांच्या हातातली काठी गळून पडली.

लेकीने ती उचलून दिली. कोण आहेत ते, असं तिने विचारलं. भूत दिसल्यावर माणूस जेवढा पांढरा पडतो, त्याहून चार बोटं जास्तच पांढरे पडले होते ढगोबा.

ढगोबा हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. लढाईत विमान चालवलं आणि पुढची अठ्ठेचाळीस वर्षं गल्लीला थापा पुरवल्या, म्हणून गल्लीने ठेवलेलं. एकदा म्हणे त्यांनी विमान ढगाला टेकवून डुलकी काढली होती. एकदा एका घारीने त्यांना वाट विचारली होती. आणि एकदा पाच जखमी जवानांना घेऊन येताना पेट्रोल संपलं, तेव्हा नुसत्या वाऱ्यावर घसरत घसरत त्यांनी विमान तळावर आणून टेकवलं होतं. गल्लीने ही तिसरी गोष्टही पहिल्या दोघींच्या पंगतीला बसवली. ढगोबांनी कधी हरकत घेतली नाही.

गेल्या वर्षी मात्र आक्रीत घडलं. माजी सैनिकांच्या संघटनेचं पत्रक आलं, ते वाचून ढगोबा दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी पेन घेतलं आणि त्या तिसऱ्या गोष्टीसाठी शौर्यपदक मागणारा अर्ज लिहून मोकळे झाले. आज त्याची सुनावणी होती. लेकीने रजा काढली होती. त्यांच्या कोटाला इस्त्री केली होती आणि कोटाची डावी बाजू दोनदा झटकली होती. पदक तिथे लागणार होतं.

"बाबा, एकदाच खरं सांगा," ती कुजबुजली. "ही थाप नाही ना? सरकारी कचेरी आहे. हसं होईल आपलं."

ढगोबांचं लक्षच नव्हतं. त्यांनी शिपायाला गाठून अर्ज परत मिळेल का म्हणून विचारलं. शिपाई म्हणाला, आजोबा, आत गेलेला अर्ज आणि पोटात गेलेला घास परत येत नसतो, आणि आलाच तर बरा दिसत नाही. तेवढ्यात आतून पुकारा झाला.

आत टेबलामागे तिघं बसले होते. मधल्या अध्यक्षबाईंपुढे उड्डाणांची जुनी वही उघडी होती. त्या उड्डाणाच्या तारखेपुढे ढगोबांच्याच अक्षरात दोन शब्द होते: उड्डाण सुरळीत.

पेट्रोल संपलं होतं, तर मग असं का लिहिलंत, बाईंनी विचारलं. ढगोबांनी छताकडे पाहिलं. जखमींपैकी कोणी सांगू शकेल का? त्या दिवशी त्यांच्यातला एकही शुद्धीवर नव्हता. मग अर्ज करायला इतकी वर्षं का थांबलात? ढगोबांनी पुन्हा छताकडे पाहिलं. तिथे एक बंद पंखा होता, दुसरं काही नव्हतं.

बाई वाईट नव्हत्या. उलट त्यांनी बरीच खटपट केली होती. कागद साथ देईना, म्हणून त्यांनी त्या विमानाचा मेकॅनिक शोधून काढला होता. आता तो काय ते सांगेल, त्या म्हणाल्या. फक्त एक गोष्ट. टाकी भरून उडालेलं विमान कोरडं पडलं असेल, तर ते कोणाच्या चुकीने, हेही समितीला लिहावं लागेल. अशा चुकीला मुदत नसते. पेन्शनही जाते.

बाकड्यावरचा माणूस आत आला. सत्तरीचा, पाठीतून वाकलेला. ढगोबांसमोर येताच त्याने पाठ जमेल तेवढी सरळ करून सलाम ठोकला. मग बाईंकडे वळला आणि खिशात हात घातला. धुऊन घडी केलेल्या जुन्या निळ्या रुमालाचा कोपरा बाहेर आला.

ढगोबा खुर्ची मागे ढकलून उभे राहिले.

"बाई, त्याला कशाला तसदी? थाप होती ती. गल्लीत कोणालाही विचारा, मी पक्का थापाड्या आहे. वहीत लिहिलंय तेच खरं."

डावीकडचे साहेब खो खो हसले. बाईंनी एकदा ढगोबांकडे पाहिलं. मग त्यांनी एक ओळ लिहिली आणि फाईल बंद केली.

बाहेर आल्यावर लेक मान खाली घालून भराभर पुढे निघाली. मेकॅनिकने तिला हाक मारून थांबवलं आणि रुमाल उलगडून दाखवला.

"ताई, तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. टाकी भरली आणि झाकण लावायचं विसरलो. विमान उडून गेल्यावर ते मला जमिनीवर सापडलं. परत येईतो सगळं पेट्रोल वाऱ्यावर गेलेलं. विमान टेकलं तसा धावत सुटलो. पोचेतो साहेब उतरले होते. पंखावर चढून पाहतो, तर कोणाला दिसू नये म्हणून टाकीच्या तोंडात हा रुमाल कोंबलेला. साहेबांचा."

लेकीने वडिलांकडे पाहिलं. जन्मभर थापा मारल्या त्यांनी, पण एवढ्या झटपट कोणाला पटलेली ही पहिलीच होती.

"आज सगळं सांगायलाच आलो होतो, साहेब," मेकॅनिक म्हणाला. "मला पुन्हा झाकायचंच होतं, तर मग अर्ज केलात कशाला?"

ढगोबांनी रुमाल घेतला आणि कपाळावरचा घाम पुसला.

"गाढवा, तू वारलास असं त्या पत्रकात छापलं होतं."