तात्यांच्या कानातली जाहिरात

नातीचं बारसं झालं त्या वर्षी भिवातात्यांच्या कानात श्रवणयंत्र होतं. ते फुकट मिळालेलं, म्हणून त्यात नेटवरून जाहिराती वाजत. लेक हौसा आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगत होती, नेमकं तेव्हाच तात्यांना केसांचं तेल ऐकू आलं.

“नातीचं नाव तेल ठेवलं का गं?” तात्यांनी विचारलं. सगळे हसले. पण तात्यांचं हृदय थकलं होतं, आणि नाव ऐकल्याशिवाय त्यांना जायचं नव्हतं.

हौसानं घरच्या नेटवर जाहिराती अडवणारी डबी बसवली. डबीला आज्ञा लिहायचा मान आईचा, ठकूबाईंचा. त्या साठीत अक्षरं शिकल्या होत्या. त्यांनी संगणकाच्या काळ्या पडद्यावर एका बोटानं टाइप केलं. ‘अशी आज्ञा नाही,’ उत्तर आलं. दुसऱ्यांदाही तेच.

“आई, आधी श्री कशाला?”

“श्रीशिवाय मी कधी लिहिलंय का?”

श्री खोडल्यावर ‘जाहिराती अडव’ एवढंच उरलं. तात्यांच्या कानातलं तेलाचं गाणं मध्येच थांबलं.

हौसा वाकली. “कुर्रर्र, तात्या. सगुणा.”

“माझ्या आईचं,” तात्या म्हणाले आणि उशीला टेकले.

“आता निवांत पडा,” ठकूबाई म्हणाल्या.

भिवातात्या त्याच वर्षी माघातल्या पंचमीला सकाळी वारले.